सहाव्या वर्षाची दाढ आणि तिच्यावरचा लेप

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिस्त, वाचनाची गोडी, वेळेचा सदुपयोग अशा विषयांवर भाषणे होतात. मीही ती केलेली आहेत आणि आपण ती मोठ्या सहनशीलतेने ऐकून घेतलेली आहेत. या वेळी कार्यवाह साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "दाढ." ते हसले. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा मनुष्य. दातांच्या विद्येशी माझा संबंध एवढाच, की तेराव्या वर्षी माझी एक दाढ गेली आणि दोन वर्षांपूर्वी तिच्यामुळेच मी आपणा सर्वांचा थोडासा गुन्हेगार झालो.

गुन्हा आपल्याला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांच्या दाढांवर संरक्षक लेप देण्याचे शिबिर झाले. ते व्हावे म्हणून मी मोहल्ल्यात घरोघर फिरलो होतो. "एकदा लेप बसला की दाढ किडत नाही," असे छातीठोकपणे सांगत होतो. शिबिर झाले, फोटो निघाले. सहा-सात महिन्यांनी मुले तोंड उघडून दाखवू लागली आणि बऱ्याच जणांच्या दाढांवर लेपाचा मागमूसही दिसेना. माझ्या स्वतःच्या मुलाच्या चार दाढांपैकी तिघींवरचा निघून गेला होता. एका भगिनीने मला रस्त्यात थांबवून सांगितले, "सर, तुमचा तो पांढरा रंग पोराने भाकरीबरोबर गिळला." दुसऱ्या एका गृहस्थांनी तर विचारले, की त्या आम्लाने दाढ उलट पोखरली तर गेली नाही ना? उत्तर मला देता आले नाही. म्हणून मी एका दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात चार-पाच वेळा जाऊन बसलो, तेथील डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले आणि त्यांनी दिलेले लेख शब्दकोश घेऊन वाचले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ही दाढ कोणती ते पाहू. मुलाला दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मूल पहिलीत जाते त्या वेळी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. या दाढा येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागला तरी "दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल" असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. ती पडणार नसते. ती कायमची असते. साठीपर्यंत तिनेच भाकरी चावायची असते. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे दुसरी येते, तीही तशीच कायमची.

माझी गेली ती ही सहाव्या वर्षाची दाढ, खालची, उजवीकडची. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या आदल्या रात्री अम्मीने तीत लवंग दाबली आणि मी सुजलेल्या गालाने पेपर लिहून आलो. पुढे ती काढावी लागली. दाढ गेली एवढ्यावर ते थांबत नाही. मागची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते. आजही मी डाव्या बाजूनेच जेवतो. शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो दोष सगळाच दाढेवर टाकण्याइतका मी अप्रामाणिक नाही.

आता ही दाढ किडते का? तिचा वरचा भाग सपाट नसतो. तेथे डोंगर-दऱ्यांसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये फटी असतात. काही फटी इतक्या अरुंद आणि खोल, की ब्रशचा केससुद्धा तळापर्यंत जात नाही. मिसवाक बाहेरच्या गुळगुळीत बाजू उत्तम स्वच्छ करते, पण तिचे तंतूही या फटीच्या तळाशी पोहोचत नाहीत. (मशेरीविषयी मी येथे बोलत नाही. ती स्वच्छतेची वस्तूच नव्हे, तंबाखू आहे.) फटीत बिस्किटाचा लगदा, साखर अडकते. तोंडातील सूक्ष्म जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. "दातात किडा पडला" असे आपण म्हणतो, पण वळवळणारा किडा तेथे नसतो. मुलांच्या कायमच्या दातांत जी कीड लागते, तिच्यातील दहापैकी सुमारे नऊ ठिकाणे मागच्या दाढांवर असतात, असे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे सांगणे आहे. फ्लोराइडची पेस्ट गुळगुळीत भागांना चांगले बळ देते. फटीत मात्र तिचा तितका उपयोग होत नाही.

ही फट किडण्यापूर्वीच बुजवून टाकावी, ही कल्पना जुनी आहे. १९२३ साली हायट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तर असे सुचविले होते, की कीड लागण्याची वाट न पाहता फटी कोरून भरून टाकाव्यात. त्यात चांगली दाढ कोरावी लागे. न कोरता बुजवायची तर पदार्थ दाताला चिकटला पाहिजे, आणि ओल्या, गुळगुळीत, काचेसारख्या कवचाला काहीही चिकटत नसे. तो प्रश्न सोडविला न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी. कारखान्यांमध्ये धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच त्यांनी दातावर करून पाहिले. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल तीस सेकंद लावून धुतले असता त्यावर प्लॅस्टिकसारखा पदार्थ कितीतरी अधिक काळ टिकतो, हे त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. १९६२ च्या सुमारास राफाएल बोवेन यांनी एक नवी राळ तयार केली, आणि १९७१ पासून त्या जातीच्या राळेचा लेप बाजारात मिळू लागला. आज आम्ल ३५ ते ३७ टक्क्यांचे वापरतात. लेपाला इंग्रजीत सीलंट म्हणतात आणि आपले डॉक्टरही तोच शब्द वापरतात.

विद्यार्थी मित्रहो, हे सगळे तुम्ही रोज पाहता. शाळेच्या फाटकाबाहेर सायकलचे पंक्चर काढणारे चाचा बसतात. ते काय करतात? आधी ट्यूब कानशीने घासतात. मग सोल्युशन लावतात. ते जरा वाळू देतात आणि मग ठिगळ दाबतात. घासल्याशिवाय ठिगळ बसत नाही. आम्लाचे काम ते कानशीचे काम. आम्लाने दाताच्या कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. धुऊन वाळविल्यावर तो भाग खडूसारखा पांढरट दिसतो. पातळ लेप त्या छिद्रांत शिरतो, निळ्या प्रकाशाच्या दिव्याने काही सेकंदांत कडक होतो, आणि मुळे रोवल्यासारखा अडकून बसतो. आणि ट्यूबवर पाणी राहिले तर? चाचांना विचारा. ते पावसाळ्यात ट्यूब तीन-तीनदा पुसतात.

आमच्या शिबिरात नेमके तेच झाले होते, फक्त पाण्याऐवजी लाळ. वर्गातील बाकावर मुले बसलेली, एका दिवसात शंभरावर मुले उरकायची, डॉक्टर एकटे, कापसाच्या गुंडाळ्या धरायला शेजारी कोणी नाही. आठ वर्षांचे मूल जीभ स्थिर ठेवू शकत नाही. ठेवते म्हणणाऱ्याने एकदा चौथीचा तास घेऊन पाहावा. आम्ल धुतल्यानंतर आणि लेप लावण्यापूर्वी जी काही सेकंदे असतात, त्यांतच सगळे ठरते. तेवढ्यात लाळ लागली की तिच्यातील प्रथिनांचा पातळ थर त्या छिद्रांची तोंडे बंद करतो. लेपाची राळ पाण्याला दूर ठेवणारी असते. ओलसर छिद्रात ती शिरत नाही. वरून लेप बसलेला दिसतो, फोटोतही छान येतो, पण मुळे रुजलेली नसतात. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. दिवसाला शंभर मुले झालीच पाहिजेत, हा हट्ट माझाच होता.

येथे ज्या वस्तूविषयी मला मुख्यतः बोलायचे आहे ती येते. पंक्चर काढणारे कानस आणि ठिगळ यांच्यामध्ये सोल्युशन लावतात. दाढेच्या बाबतीत पुष्कळ वर्षे कानस आणि ठिगळ एवढेच होते, मधले सोल्युशन नव्हतेच. लेप थेट लावीत. दातांत सिमेंट भरताना वापरण्यासाठी एक पातळ सांधणारे द्रव निघाले होते, त्याला बाँडिंग एजंट म्हणतात. दाताच्या आतील थर स्वभावतःच ओलसर असतो, त्याला राळ चिकटावी म्हणून ते बनविलेले. त्यातील रेणूंची गंमत अशी, की त्यांचे एक टोक पाण्याशी जमवून घेते आणि दुसरे टोक राळेशी एकरूप होते. शिवाय ते अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले असते. वरून हवा मारली की ते उडताना राहिलेला ओलावाही बरोबर घेऊन जाते. म्हणजे आमच्या चाचांच्या सोल्युशनला कोरडी ट्यूब लागते, हे मात्र थोडा ओलावा सहन करते. माझा दाखला येथे अपुरा पडतो.

मग काहींच्या मनात आले, की हे द्रव लेपाच्या खाली लावले तर? अमेरिकेतील रॉबर्ट फीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांना मुद्दाम लाळ लावून, हे करून पाहिले. पुढे मुलांच्या तोंडात प्रयोग केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निरीक्षणात असे दिसले, की लाळ लागलेल्या दाढेवरसुद्धा खाली बाँडिंग एजंट असेल तर लेप टिकून राहतो. २००० साली त्यांनी पाच वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष दिले. एकाच मुलाच्या तोंडात एका बाजूला नुसता लेप, दुसऱ्या बाजूला द्रव लावून लेप, अशी ती रचना होती. ही पद्धत मला फार आवडली. मूल तेच, खाणे तेच, ब्रश करण्याचा आळसही तोच, त्यामुळे तुलना सरळ होते. ज्यात सर्व घटक एकाच बाटलीत असतात आणि आम्ल मात्र आधी वेगळे लावून धुतात, अशा बाँडिंग एजंटने दाढेच्या वरच्या भागावरील लेप निघण्याचा धोका जवळजवळ निम्मा झाला. दाढेच्या बाजूला, गालाकडे किंवा टाळूकडे, एक खळगा असतो. तेथे लेप टिकणे फार अवघड. त्या ठिकाणी धोका सुमारे एक तृतीयांशावर आला.

हे ऐकून कोणी म्हणेल, झाले तर मग, कोणतीही बाटली आणा. तसे नाही. त्याच अभ्यासात दोन बाटल्यांच्या जातीच्या एका द्रवाने लेप उलट लवकर निघाले. अलीकडे अशीही द्रवे मिळतात, की ज्यांत आम्ल आधीच मिसळलेले असते. वेगळे लावायला नको, धुवायला नको. शिबिरवाल्यांना हे फार सोयीचे वाटते, आणि मलाही वाटले होते. परंतु त्यांतील आम्ल सौम्य असते आणि न कोरलेल्या दाढेचे वरचे कवच कठीण. कानस बोथट असली तर सोल्युशन काय करणार? अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा निष्कर्ष असाच आहे, की आधी वेगळे आम्ल लावून, धुऊन, मग द्रव लावण्याची पद्धत लेप टिकविण्यात सरस ठरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही प्रयोगांत बाँडिंग एजंट लावल्याने काहीच फरक दिसला नाही. मला जे समजते त्यावरून त्याचे कारण सरळ आहे. दाढ पूर्ण वर आलेली, डॉक्टरांजवळ मदतनीस, लाळ ओढणारी नळी चालू, दाढ खरोखर कोरडी, अशा ठिकाणी नुसता लेपही उत्तम बसतो. तेथे द्रवाचा खर्च आणि एक जादा पायरी कशाला? सायमनसेन यांच्या प्रसिद्ध पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९१ साली आले, एकदाच लावलेला लेप पंधरा वर्षांनंतर सुमारे २८ टक्के दाढांवर पूर्ण आणि सुमारे ३५ टक्के दाढांवर अंशतः शिल्लक होता. त्यात बाँडिंग एजंट नव्हते. हातातली काळजी होती. लाळ लागली आहे हे दिसत असताना "द्रव लावले की चालेल" असे म्हणणे म्हणजे कॉपी सापडणार नाही या भरवशावर अभ्यास सोडणे होय. लाळ लागली तर पुन्हा आम्ल लावून, पुन्हा धुऊन, पुन्हा वाळवायचे, हाच नियम. जेथे कोरडेपणाची खात्री देता येत नाही तेथे द्रवाचा खरा आधार आहे. म्हणजे चुळबुळ्या मुलांसाठी, नुकत्याच वर आलेल्या दाढांसाठी, बाजूच्या खळग्यांसाठी. प्रामाणिकपणे बोलायचे तर, आमच्या शाळेसाठी.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. लेप निघून गेला म्हणून दाढ पूर्वीपेक्षा वाईट झाली काय? नाही. ज्यांचा लेप पूर्ण किंवा अर्धा निघून गेला अशा दाढा कधीच लेप न दिलेल्या दाढांपेक्षा अधिक किडत नाहीत, असे तपासून पाहिलेले आहे. आम्लाने पडलेली ती सूक्ष्म छिद्रे लाळेतील क्षारांनी भरून येतात. ज्या लाळेला मी इतका वेळ दोष दिला तिचे हे उपकारही मान्य केले पाहिजेत. आणि आत बारीकशी कीड सुरू झालेली असताना वर लेप बसला तर? खड्डा पडलेला नसेल तर भीती नाही. घट्ट लेपाखाली जंतूंची उपासमार होते आणि कीड बहुधा तेथेच थांबते. खड्डा पडला असेल तर मात्र लेप नव्हे, तो भरूनच घ्यायला हवा. लेप टिकला तर पहिल्या दोन वर्षांत या दाढांतील सुमारे ८० टक्के कीड टळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे निम्मी, असा अमेरिकेतील आरोग्य खात्याचा हिशेब आहे. मी दोन वर्षांपूर्वी "किडतच नाही" म्हणालो होतो, ते चूक होते. ते मी मागे घेतो.

यंदा जानेवारीत पुन्हा शिबिर घ्यावे, असे संस्थेने ठरविले आहे. या वेळी अटी मी आधी घातल्या आहेत आणि डॉक्टर मंडळींनी त्या हसत मान्य केल्या आहेत. दिवसाला वीसपेक्षा जास्त मुले नाहीत. मूल बाकावर बसणार नाही, खुर्चीवर आडवे होईल. प्रत्येक डॉक्टरांजवळ एक मदतनीस आणि लाळ ओढणारे यंत्र असेल. त्या दिवसासाठी जनरेटर देण्याचे आपल्यापैकीच एका पालकांनी कबूल केले आहे. आम्ल वेगळे लावून धुण्यात येईल आणि त्यानंतर बाँडिंग एजंट, मग लेप. लेप पांढरा असेल, पारदर्शक नव्हे, म्हणजे घरी टॉर्च लावून अम्मीलाही तो दिसेल. ज्या मुलांच्या दाढेवर मागच्या बाजूला अजून हिरडीचा पदर आहे, त्यांना सहा महिने थांबवण्यात येईल, किंवा डॉक्टरांना घाई वाटली तर तात्पुरता दुसऱ्या जातीचा, फ्लोराइड सोडणारा लेप देण्यात येईल. तो लवकर झिजतो, हे आधीच सांगून ठेवतो; म्हणजे पुन्हा कोणी मला रस्त्यात थांबवू नये. आणि सहा महिन्यांनी तपासणी. मागच्या वेळी तपासणीच ठेवलेली नव्हती, लेपाची पडझड आम्हाला मुलांच्या हसण्यातून कळली. निघालेला लेप पुन्हा देता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

मागच्या शिबिरातील ज्या मुलांचे लेप निघाले त्यांची नावे पहिल्या यादीत घेतली आहेत. त्यांच्या पालकांकडून वर्गणी घेतली जाणार नाही. संमतीचे कागद वर्गशिक्षकांकडे आहेत. पहिली ते चौथीच्या पालकांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे: मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नवी दाढ आली आहे काय, ते पाहावे. आली असेल तर कागदावर तशी खूण करून सोमवारपर्यंत पाठवावा. माझ्या मुलाचा कागद मी काल भरला. त्याने मला विचारले, "अब्बा, या वेळी तरी राहील का?" मी म्हणालो, "तू जीभ सांभाळ, बाकीचे आम्ही पाहतो."